एलडीआर, फोटोडायोड तपासायची घरगुती डबी

एलडीआर (उजेडात रोध कमी होणारा रेझिस्टर) नुसत्या मल्टिमीटरवर कळतो, फोटोडायोड आणि फोटोट्रान्झिस्टर (उजेड पडला की करंट सोडणारे भाग) यांचा मात्र तेवढ्याने निकाल लागत नाही. म्हणून २० मिमी वायरिंग पाइपचा ६ सेंमी तुकडा घेतला. एका बुचात दोन एलईडी बसवले: पांढरा ४७० ओहममधून, ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड २२० ओहममधून. दुसऱ्या बुचात आयसी सॉकेटच्या दोन पिना, तपासायचा नग त्यांत खोचायचा. एक पिन थेट +५ व्होल्टला, दुसरी रोटरी स्विचमधून १ के (के म्हणजे हजार ओहम), १० के, १०० के किंवा १ मेगओहमवरून ग्राउंडला. मीटर त्या रेझिस्टरवर.

सप्लायला ९ व्होल्टची बॅटरी आणि ७८०५ (५ व्होल्ट स्थिर देणारा रेग्युलेटर). पॉवर बँक लावून पाहिली, पण एवढ्याशा करंटवर ती थोड्या वेळात स्वतःच बंद होते. ५ व्होल्टच्या वर गेलो नाही, कारण फोटोट्रान्झिस्टर उलटा लागला तर सहसा तेवढंच सोसतो.

खरा त्रास अंधाराचा. पाइप आतून-बाहेरून काळा रंगवला, टेप गुंडाळली, तरी दोन्ही एलईडी बंद असताना १ मेगओहमवर बीपीडब्ल्यू३४ हा फोटोडायोड शंभराहून जास्त मिलिव्होल्ट दाखवत होता. खरं तर त्याचा डार्क करंट (पूर्ण अंधारातला करंट) काही नॅनोअँपिअर, म्हणजे काही मिलिव्होल्टच यायला हवेत. मीटर एसीवर फिरवला, तिथेही रीडिंग: चोकवाल्या ट्यूबलाइटची १०० हर्ट्झची थरथर आत येत होती. काही प्रकारचं काळं प्लास्टिक इन्फ्रारेड आरपार सोडतं. बाहेरून ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर दिल्यावर प्रश्न मिटला. फॉइल पिनांना टेकू देऊ नका, शॉर्ट होतं.

फोटोडायोडचा ॲनोड रेझिस्टरकडे हवा, फोटोट्रान्झिस्टरचा एमिटर. दोन पायांच्या बहुतेक नगांत लांब पाय तोच, तरी डेटाशीट पाहाच. उजेड असो-नसो, १०० केवर साडेचार व्होल्टच्या आसपास अडकून राहिला तर फोटोडायोड उलटा लागलाय, बाद समजू नका. सरळ असेल तर १०० केवर दर मायक्रोअँपिअरला ०.१ व्होल्ट. मीटर ५ व्होल्टला टेकला की खालचा रेझिस्टर घ्या.

एलडीआर पांढऱ्या एलईडीवरच तपासावा, ९४० नॅनोमीटरला तो जवळजवळ आंधळा असतो. रोध = रेझिस्टर × (५ − व) ÷ व, इथे व म्हणजे मीटरचं रीडिंग. उजेड बंद केल्यावर निदान १० सेकंद थांबा, कारण त्याचा रोध सावकाश चढतो. १ मेगओहमवर मीटरचा स्वतःचा १० मेगओहम समांतर येतो, म्हणून तिथे सूत्रात १ ऐवजी ०.९१ धरा.