नोकरी सांभाळून गव्हाच्या कुरडया

कुरडया करायच्या तर आधी उन्हाचा रविवार धरायचा आणि तिथून मागे मोजत यायचं. हे जमलं तेव्हापासून कोपरखैरण्यातल्या आमच्या घरी दर एप्रिलमध्ये कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजतो खरा, पण मी ऐरोलीला ऑफिसात असताना तो आपला आपण भिजत असतो.

बुधवारी रात्री जेवणं उरकली की दोन किलो लोकवन धुऊन भिजत घालते. पुढे रोज सकाळी डब्याच्या गडबडीतच पाणी बदलायचं. उकाडा फार असला तर रात्री आल्यावरही बदलते, नाहीतर वास उग्र होतो. किंचित आंबूसपणा मात्र हवाच, कुरडईची चव त्यातच आहे. दाणा चिमटीत दाबला आणि पांढरं दूध सुटलं की गहू वाटायला झाला.

शनिवारी संध्याकाळी मिक्सर. भरपूर पाणी घालून थोडा थोडा गहू फिरवायचा, चोथा पिळायचा, पुन्हा पाण्यात कालवून पिळायचा, सगळं पातळ कापडातून गाळून उंच पातेल्यात ठेवायचं. रात्रभरात चीक तळाशी बसतो.

रविवारी पहाटे वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकते. इथून पुढचे दोनेक तास मी कुणाचा फोन घेत नाही. जितका चीक तितकं पाणी मोजून उकळायचं. त्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल. एका हाताने चिकाची धार, दुसऱ्या हाताने लाटण्याने घोटणं, तेही न थांबता. गुठळी राहिली तर ती सोऱ्याच्या जाळीत अडकते. मग झाकण ठेवून मंद आचेवर वाफ. पांढरेपणा जाऊन चीक काचेसारखा चकाकला की शिजला. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तुटते, तळताना फुलत नाही. कुरडया कागदावर घालायच्याही चीक गरम असतानाच, म्हणून सोऱ्या दाबायला नवरा आणि मी आळीपाळीने. वाटीभर चीक दूध-साखर घालून खायला बाजूला काढतोच!

खाडीकाठची हवा दमट, त्यामुळे आमच्या गच्चीवर दोन उन्हं पुरत नाहीत. सोमवार-मंगळवारी सासूबाई त्या उलटतात, त्यांच्याशिवाय हे गणित बसलं नसतं. उरलेला चोथा मी फेकत नाही. तिखट, मीठ, तीळ घालून शिजवते आणि त्याच कागदावर भुसवड्या घालते.