शांघायमधलं पोस्टर म्युझियम आणि आमचं फ्लेक्सचं काम

2017 ला कटिंग मशीन बघायला शांघायला गेलो होतो, कोल्हापुरात माझा छपाईचा धंदा आहे, ऑफसेट आणि फ्लेक्स दोन्ही. ट्रायल होती त्या दिवशी सकाळीच त्या कंपनीचा फोन, आज जमत नाही उद्या या. मग हुआशान रोडवरचं, माओच्या काळातल्या सरकारी प्रचाराच्या पोस्टरांचं म्युझियम शोधत निघालो. ते तेव्हा एका राहत्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये होतं, बाहेरून काही कळतच नव्हतं, गेटवरच्या वॉचमनने मला बघूनच नकाशाचं कार्ड हातात दिलं. यांग पेइमिंग नावाच्या गृहस्थांनी हे सगळं जमवलंय, लोक ही पोस्टरं रद्दीत काढत होते त्या काळात.

1958 सालची पोस्टरं बघून पोटात कालवलं. माणसापेक्षा मोठ्या भाज्या, धान्याच्या राशी, हसरी पोरं, आणि त्याच्या पुढच्या तीन वर्षांत त्या देशात कोट्यवधी लोक उपाशी मेले.

विक्रीच्या खोलीत जुनी ओरिजिनल पोस्टरं होती. माझ्या खिशात भिंग कायम असतं, विचारून एकावर लावलं. लाल रंग रजिस्टरमधून, म्हणजे बाकीच्या रंगांशी जुळायच्या जागेवरून, किंचित हललेला, माओच्या कॉलरच्या कडेने बाहेर आलेला. खाली बारीक अक्षरात साल, किती प्रती, किंमत. म्हणजे कुणीतरी मशीनमन उभा राहून हे काढत होता, आमच्यासारखाच.

पण मी अडकलो ते डोंग शीवेन या चित्रकाराच्या चित्रापाशी. 1 ऑक्टोबर 1949, माओ बीजिंगच्या तिआनआनमेन दरवाजावरून नव्या चीनची घोषणा करतोय, मागे सगळे नेते. चित्र 1953 चं, त्याची पोस्टरं भरपूर छापली गेली. 1954 मध्ये त्यातल्याच गाओ गांग या नेत्यावर पक्षाची खप्पामर्जी झाली, त्याने आत्महत्या केली, आणि चित्रातून त्याला पुसायला लावलं. पुढे सांस्कृतिक क्रांतीत पदावरून हटवलेला राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची, त्यालाही काढायला लावलं, तेही डोंगच्याच हातून. 1972 ला आणखी एक माणूस काढायचा होता, तेव्हा डोंग कॅन्सरने आजारी, म्हणून दुसऱ्यांकडून अख्खी नक्कलच करून घेतली. आपण रंगवलेला माणूस आपणच खरवडायचा, काय वाटलं असेल हो त्याला.

मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. आमच्याकडे निवडणूक आली की रात्री अकराला फोन येतो, अमक्या साहेबांचा फोटो काढा, ते पलीकडे गेले. मी आजवर असे कितीतरी चेहरे काढलेत, दहा मिनिटांचं काम, मागचं बॅकग्राऊंड ओढून घ्यायचं की झालं, आणि मूळ फाईलवरच सेव्ह करून मोकळं व्हायचो.

संध्याकाळी हॉटेलवरून दुकानात फोन लावला आणि ऑपरेटरला सांगितलं, बाळू, यापुढे फोटो काढायला आला तर पहिली फाईल तारीख टाकून वेगळी ठेवायची, डिलीट करायची नाही. तो म्हणाला, मालक, हार्डडिस्क भरंल की. म्हटलं, भरू दे, दुसरी घेऊ.