हुकूमनाम्यातील सहा टक्के

सांगली जिल्ह्यात पाच वर्षे दिवाणी वकिली केल्यानंतर मी पुन्हा वर्गात जाऊन बसले. मुंबईचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि रोखेबाजाराची नियामक असलेल्या ‘सेबी’ने २००६ मध्ये स्थापन केलेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स ही संस्था यांनी मिळून चालवलेला, गुंतवणूक आणि रोखेविषयक कायद्यांचा एक वर्षाचा एलएल.एम. अभ्यासक्रम मी निवडला. त्या वर्षात मी जे शिकले त्याचा फार मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरत होता, आणि तो प्रश्न मी संस्थेच्या पाताळगंगा येथील परिसरात जाण्यापूर्वीच एका पक्षकाराच्या प्रकरणातून सोबत घेऊन गेले होते.

हा पक्षकार शेतकरी होता. त्याने नात्यातल्या एका माणसाला दहा लाख रुपये हातउसने दिले होते आणि ते देण्यासाठी स्वतः पतसंस्थेतून बारा टक्क्यांनी कर्ज काढले होते. पैसे परत आले नाहीत, दावा झाला, आम्ही जिंकलो. हुकूमनाम्यात दहा लाख रुपये आणि त्यावर वसुलीपर्यंत दरसाल दर शेकडा सहा टक्के सरळव्याज मंजूर झाले. पुढे दरखास्त दाखल करून प्रत्यक्ष रक्कम हाती यायला पाच वर्षे लागणार, हे तालुक्याच्या न्यायालयात काम करणाऱ्या कोणालाही माहीत असते. मी त्याला पेढे दिले. तो मात्र काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘वकीलबाई, जिंकलो खरं, पण माझं व्याज तर बारानं चाललंय.’’ मी त्याला कलम ३४ समजावून सांगितले. त्याच्या म्हणण्याला ते उत्तर नव्हते, हे मला तेव्हाच जाणवले होते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३४व्या कलमानुसार हुकूमनाम्यानंतरच्या काळासाठी न्यायालयाला मुद्दलावर जास्तीत जास्त सहा टक्के व्याज देता येते. व्यापारी व्यवहारातून निर्माण झालेले देणे असेल तरच त्याहून अधिक. हातउसने पैसे व्यापारी व्यवहारात बसत नाहीत. कायदा एवढाच आहे, आणि वकील म्हणून मी तेथे थांबत असे.

रायगड जिल्ह्यात मोहोपाड्याजवळ, पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत संस्थेचा सत्तर एकरांचा परिसर आहे. तेथे वित्तशास्त्राचे पहिले काही तास माझ्यासाठी कठीण गेले, कारण दहावीनंतर मी गणिताला हात लावलेला नव्हता आणि माझ्या वर्गात वाणिज्य शाखेतून आलेले, कंपनी सेक्रेटरीची परीक्षा दिलेले विद्यार्थी बरेच होते. त्यांना जी गोष्ट उच्चारण्याचीही गरज वाटत नव्हती, ती मला वहीत तीनदा लिहून काढावी लागे. ती गोष्ट म्हणजे पैशाचे कालमूल्य: आज हातात असलेला रुपया आणि पाच वर्षांनी मिळणारा रुपया या दोन वेगळ्या किमतीच्या वस्तू आहेत. मुदती हुंडी मुदतीआधी वटवताना सराफ वटाव कापून घेत, ते याच हिशेबाने. कल्पना जुनी आणि आपल्या बाजारपेठेत पूर्ण मुरलेली आहे; माझ्या कायद्याच्या शिक्षणात मात्र ती कधी आली नव्हती.

त्या आठवड्यात वसतिगृहाच्या खोलीत बसून मी माझ्या पक्षकाराचा हुकूमनामा कागदावर मांडला. दहा लाखांवर पाच वर्षांचे सहा टक्के सरळव्याज तीन लाख होते, म्हणजे पाच वर्षांनी त्याच्या हाती तेरा लाख रुपये पडणार. त्याला स्वतःला पैसा बारा टक्क्यांनी पडत होता, म्हणून त्या तेरा लाखांची आजची किंमत काढण्यासाठी बारा टक्के चक्रवाढीचा दर धरला. उत्तर आले सुमारे सात लाख अडतीस हजार. ज्या दाव्यात आम्ही पूर्ण जिंकलो असे मी त्याला सांगितले होते, त्यात त्याच्या मुद्दलाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग गेला होता. मला हे पाच वर्षे दिसले नव्हते, आणि ते न दिसल्यामुळे प्रत्येक वादपत्राच्या विनंतीच्या कलमात व्याजाचा दर मी सवयीने लिहीत होते. त्या रात्री मला याचे मनापासून वाईट वाटले.

यानंतर मी व्याजाच्या तरतुदी शोधू लागले आणि माझ्या प्रबंधाचा विषय तेथेच ठरला. विलंबाची किंमत आपला प्रत्येक कायदा वेगवेगळी लावतो. हुकूमनाम्यानंतर सहा टक्के. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगी वाटपाचे, म्हणजे निवडक लोकांनाच रोखे देऊ करून उभे केलेले, पैसे घेऊन मुदतीत रोखे दिले नाहीत आणि पैसेही परत केले नाहीत, तर साठाव्या दिवसानंतर बारा टक्के. घराचा ताबा लांबला तर महाराष्ट्राच्या ‘रेरा’ (स्थावर संपदा कायदा) नियमांप्रमाणे स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरावर (बँकेच्या निधीच्या खर्चावरून ठरणाऱ्या कर्जदरावर) आणखी दोन टक्के. सूक्ष्म व लघुउद्योगाचे बिल थकवले तर २००६ च्या कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना ऐच्छिक परिवर्तनीय कर्जरोख्यांतून गोळा केलेले २४ हजार कोटींहून अधिक रुपये परत करायला सांगितले, तेव्हा दर होता पंधरा टक्के. कोणाचे पैसे कोणी अडवले, यावर दर ठरतो, आणि जिथे तो ठरतो तिथे त्याची कारणमीमांसा क्वचितच लिहिलेली असते. या यादीत हातउसने देणारा माणूस सर्वांत खाली आहे.

प्रबंधाच्या निमित्ताने दामदुपटीचा जुना नियमही नव्याने समजला. हिंदू कायद्यातील हा नियम मुंबई इलाख्यात चालत असे: एका वेळी वसूल करायचे थकीत व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. (आज पतसंस्थांच्या फलकांवर ‘दामदुप्पट’ हे ठेव योजनेचे नाव असते, तेव्हा ती धनकोवरची मर्यादा होती.) परीक्षेपुरता मी हा नियम पाठ केला होता. आता त्याचे गणित केले. बारा टक्के सरळव्याजाने मुद्दल दुप्पट व्हायला आठ वर्षे चार महिने लागतात, चोवीस टक्क्यांनी चार वर्षे दोन महिने. म्हणजे दर कितीही लावा म्हणणारा हा नियम जबर व्याज लावणाऱ्या सावकाराला निम्म्या वेळात अडवतो आणि वाजवी दर लावणाऱ्याला दुप्पट सवड देतो. ज्यांनी तो घडवला त्यांना हे नक्की ठाऊक असले पाहिजे, असे मला वाटते. माझे वडील पोस्टाचे अल्पबचत एजंट होते. १९८८ मध्ये किसान विकास पत्रे आली तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत, आणि त्यावरून वार्षिक दर साडेतेरा टक्क्यांच्या आतबाहेर बसतो हे ते बोटांवर सांगत. घरात असलेली ही विद्या मी चाळिशीकडे झुकताना शिकले.

वर्गात सर्वाधिक वाद झाला तो दिवाळखोरी संहिता, २०१६ वर. या संहितेच्या कलम ५(८) मध्ये वित्तीय कर्जाची व्याख्या करताना पैशाच्या कालमूल्याच्या मोबदल्यात दिलेले कर्ज, असे शब्द थेट वापरले आहेत. त्या शब्दांत बसणारा धनको, कर्ज थकवलेल्या कंपनीचे पुढे काय करायचे हे ठरवणाऱ्या धनकोंच्या समितीवर बसतो आणि मत देतो. न बसणारा बाहेर राहतो. सदनिकेसाठी हप्ते भरणारे ग्राहक कुठे, हा प्रश्न २०१८ च्या दुरुस्तीने सोडवला आणि ‘पायोनियर अर्बन’ प्रकरणात ९ ऑगस्ट २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. वाणिज्यवाल्यांना हे लगेच पटले, कारण बांधकाम चालू असताना भरलेला हप्ता हे विकासकाला मिळालेले भांडवलच असते. आम्हा वकिलांना मात्र ग्राहक हा कर्ज देणारा कसा, हे पचत नव्हते. उलट २०२० च्या ‘अनुज जैन’ निर्णयात, जेपी इन्फ्राटेकने आपल्या मूळ कंपनीच्या कर्जांसाठी जमिनी गहाण दिल्या, तरी त्या बँका जेपी इन्फ्राटेकच्या वित्तीय धनको ठरल्या नाहीत. तेव्हा वकिलांना मुद्दा चटकन कळला आणि वाणिज्यवाले अडले. एकाच बाकावर दोन्ही प्रकारची माणसे बसवण्याचा फायदा मला त्या तासाला दिसला.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निर्णय २०२१ चा, ‘ऑरेटर मार्केटिंग’ प्रकरणातील. खेळत्या भांडवलासाठी दिलेले बिनव्याजी कर्ज वित्तीय कर्ज होत नाही, असे खालच्या दोन्ही न्यायाधिकरणांनी म्हटले होते; सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. व्याज न घेणाऱ्यानेही आपला पैसा आणि त्या पैशाचा काळ दुसऱ्याला दिलेला असतो. तो निर्णय वाचताना मला पतसंस्थेचे हप्ते फेडणारा माझा शेतकरी आठवत होता.

परत आल्यावर माझ्या वादपत्रांचा मसुदा बदलला आहे. हुकूमनाम्यानंतरच्या सहा टक्क्यांची मर्यादा मला हलवता येत नाही. दावा चालू असतानाच्या काळासाठी मात्र न्यायालयाला वाजवी वाटेल तो दर देता येतो, आणि वाजवी काय हे पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी माझी आहे. म्हणून हातउसन्याच्या दाव्यात मी आता पक्षकाराच्या स्वतःच्या कर्जाचा खातेउतारा आणि वर्षवार हिशेबाचा तक्ता जोडते. गेल्या महिन्यात एका सुनावणीत न्यायाधीशांनी तो तक्ता हातात घेऊन विचारले, ‘‘हा बारा टक्के दर तुम्ही कुठून घेतला?’’ मी पतसंस्थेचा उतारा पुढे केला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि त्यावर पुराव्याचा निशाणी क्रमांक घालायला सांगितला.