सीडरचा खुंट

जुन्या खरेदीखतात वाक्य होतं : 'तिथून 11 साखळ्या 40 कड्या, ओढ्याच्या काठच्या सीडरच्या खुंटापर्यंत.' साखळी 100 कड्यांची, 66 फुटांची, म्हणजे हिशेबाने 752 फूट. आपला गुंठा 33 फुटांच्या साखळीवर बेतलेला, त्यामुळे दुप्पट-निमपट करायची सवय मला लहानपणापासून. वडील पेण तालुक्यात मोजणी खात्यात होते. मी मोजणीदारच झालो, फक्त न्यू जर्सीत.

जमीन ग्रेट बेच्या काठची, कागदावर 61 एकर. जमीन कसली, अस्सल खाजण. भरतीला पाणी आत येतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो, आणि नजर जाईल तिथवर खारं गवत. दक्षिणेला क्षितिजावर अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंचे मनोरे. ग्रेट बेकाठच्याच एडविन बी. फोर्साइथ पक्षी आश्रयस्थानात ही जमीन सामील व्हायची होती. हे आश्रयस्थान 1939 आणि 1967 साली स्थापन झालेली दोन एकत्र करून 1984 मध्ये झालं. आपण होऊन विकायला तयार असलेल्यांकडून अशी जमीन घेतली जाते, आणि त्याआधी मोजणी लागते.

असली कामं आम्ही हिवाळ्यात काढतो. उन्हाळ्यात डास, आणि त्याहून वाईट त्या हिरव्या डोळ्यांच्या माश्या, कपड्यांवरून चावतात. पण हिवाळा म्हणजे बदकांच्या शिकारीचा हंगाम. मालक सत्तरीपुढचे आजोबा. फोनवर म्हणाले, "माझ्याबरोबरच चल. निदान कुणी तुझ्या दिशेने बार काढणार नाही."

जानेवारीतली पहाट, हाडं गोठवणारी. त्यांची होडी म्हणजे 'स्नीकबॉक्स', याच किनाऱ्यावर 1836 साली जन्मलेली जात. इतकी बुटकी, की वर गवत पसरलं की दिसेनाशी होते. अंधारातच त्यांनी ती कशाला तरी बांधली, खऱ्या बदकांना भुलवायला त्यांच्या वडिलांनी कोरलेली लाकडी बदकं पाण्यात सोडली आणि आम्ही लपणात, म्हणजे शिकाऱ्यांच्या दडायच्या आडोशात, बसलो. सूर्योदयाआधी अर्धा तास बार काढायला परवानगी. तोवर ते घड्याळ बघत राहिले. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं, छरे पोलादाचे. शिशाचे छरे तळाशी पडतात, बदकं ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला देशभर बंदी आहे.

दोन बार झाले, एक बदक पडलं. कुत्र्याने आणून दिलं. ब्लॅक डक, पंखावर जांभळा पट्टा. मला बघवलं नाही हे सांगून टाकतो. कायद्याने शिकार बंद असलेल्या देशात वाढलोय, तो संस्कार काही सुटत नाही.

आजोबांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी पाकिटातून त्या वर्षीचं 'डक स्टॅम्प', म्हणजे बदकशिकारीचं सरकारी तिकीट, काढून दाखवलं, वर शाईने आडवी सही. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदकशिकाऱ्याला ते घ्यावंच लागतं. 1934 मध्ये सुरू झालं तेव्हा एक डॉलरला होतं, आता 25. डॉलरमागे 98 सेंट पाणथळ जमीन घेण्यात किंवा भाडेपट्ट्यावर ठेवण्यात जातात. आजवर 60 लाख एकरांहून जास्त जमीन या पैशातून राखली गेली आहे. "म्हणजे पन्नासेक वर्षं मीच पैसे भरतोय," ते हसून म्हणाले, "आणि आता ते पैसे देऊन माझीच जमीन घेतायत."

उजाडल्यावर मी कामाला लागलो. पहिले तीन कोपरे सरळ मिळाले. चौथा मिळेना. जीपीएसची काठी घेऊन मी तासभर काठाने चिखल तुडवला, गुडघ्यापर्यंत दोनदा रुतलो. हिशेबाचं अंतर मला सारखं पाण्यात नेत होतं. चूक माझी आहे असं धरून पुन्हा मोजलं. पुन्हा पाण्यात.

ओहोटी पुरती लागल्यावर मान वर केली, तर काठापासून आत पाण्यात आजोबांची होडी डुलत होती. आणि ती बांधली होती एका काळ्या खुंटाला.

"तो? तो बाबांच्या जुन्या लपणाचा," आजोबा म्हणाले. "पोरवयापासून होडी तिथेच बांधतो."

त्यांनीच मला होडीतून नेलं. खुंटावर काठी टेकवली. 752 फुटांत सहा इंचांचा फरक. शेवाळ खरवडलं तर सीडरच, सहज न कुजणारं लाकूड. लपण बहुधा हद्दीच्या खुंटाच्या आधाराने बांधलं होतं, आणि घरात फक्त लपण लक्षात राहिलं.

आता पुढचा भाग मला आवडत नाही. इथे खाजगी जमीन सरासरी भरतीच्या रेषेपाशी संपते, खालचं सगळं राज्याचं. ही सरासरी 19 वर्षांच्या भरत्यांची, कारण चंद्राच्या कक्षेच्या डोलण्याचं एक चक्र साडेअठरा वर्षांचं असतं. खुंट त्या रेषेच्या 38 फूट बाहेर होता. खाडीकडची बाजू 1,200 फूट. जवळजवळ 42 गुंठे समुद्राने नेले होते. या किनाऱ्यावर, जमीन खचतेय ते धरून, पाणी वर्षाला चारेक मिलिमीटर चढतंय.

"पाण्याला भाव नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कर मात्र 61 एकरांचाच भरलाय." थर्मासमधली कॉफी त्यांनी मला आधी ओतली.

पाण्यातल्या कोपऱ्यावर नवा लोखंडी पाइप टिकणार नव्हता, म्हणून त्याच रेषेवर आत जमिनीत साक्षी खूण, म्हणजे खरा कोपरा कुठे आहे ते सांगणारी खूण, ठोकली. नकाशावर लिहिलं : सीडरचा खुंट सापडला.

रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं. पेणकडे खारबांधाला खांड पडली की भातशेती खारी होते, म्हणून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "मग बांध का घालत नाहीत?"

"शेती नाही बाबा, बदकांसाठीच आहे. पाणी यायलाच हवं."

"आणि पैसे बदकं मारणाऱ्यांचे?"

"हो."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "साक्षी खूण किती आत ठोकलीस?"

"शंभर फूट."

"अजून थोडी आत घालायची होतीस."