आमची वाटचाल : दुसऱ्यांचे ओघळ काढता काढता

आमचं गॅरेज सांगलीत कुपवाड रोडला, बोर्डावर डेंटिंग-पेंटिंग लिहिलंय पण खरं सांगायचं तर निम्मं काम दुसऱ्यांनी मारलेलं क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चमकीचा थर, दुरुस्त करायचं असतं. मिरज, तासगाव, पार विट्याकडनं पण गाड्या येतात आणि घेऊन येणारा बऱ्याचदा गिऱ्हाईक नसतोच, पेंटरच असतो. संध्याकाळी गाडी मागच्या बाजूला लावायची आणि हळूच म्हणायचं, "मालक, बघा की जरा, दरवाजाला ओघळ आलाय, उद्या डिलिव्हरी द्यायचीय."

धंदा सुरू केला आण्णांनी, म्हणजे वडलांनी. तेव्हा ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या रंगवायचे, इनॅमल पेंट, त्याला ओघळ आला तरी कोण बघतंय, पहिल्याच फडात सगळी चिखलानं माखणार. मग कार यायला लागल्या, एनसी पेंट, म्हणजे नुसता थिनर उडून वाळणारा, होता तोवर पण ठीक होतं, वाळला की घासा आणि रबिंग मारा, संपला विषय. मेटॅलिक आणि वरनं टूके, म्हणजे कडक करणारा हार्डनर मिसळून मारायचं क्लिअर आल्यावर मात्र पेंटर लोकांची पंचाईत झाली. खाली रंगाचा बेस जेमतेम १५-२० मायक्रॉन, वर क्लिअर ४०-६० मायक्रॉन, गाडीची सगळी चमक त्या वरच्या थरात आणि पेंटरच्या हातातला सगळा दोष पण तिथंच उघडा पडतो.

दुरुस्तीची कामं घ्यायला आण्णांचा विरोध होता. दुसऱ्याची घाण आपण का काढायची, आणि उद्या बिघडलं तर नाव आपलं, असं त्यांचं. मी म्हणलं आण्णा, नवीन पॅनेल मारायला चार दुकानं आहेत, मारलेला सुधारून देणारं एक पण नाही, आणि यात मटेरियल कमी, मजुरी जास्त. शेवटी ते तयार झाले पण एका अटीवर, पैसे आधी ठरवायचे आणि होणार नसेल तर तोंडावर नाही म्हणायचं. ती अट आजपण चालू आहे.

ओघळ काढायचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. ओघळ म्हणजे तिथं क्लिअरचा जाड थर, वरनं साय धरल्यागत कडक लागतं पण आत ओलंच असतं, लोक दुसऱ्या दिवशीच घासायचा पेपर घेऊन बसतात आणि मग ते फाटतं, खड्डा पडतो. आम्ही आधी पूर्ण कडक होऊ देतो, घाई असेल तर लॅम्प लावतो, नखानं दाबून बघतो. मग ओघळावर आणि आजूबाजूला स्पॉट पुट्टीचा पातळ हात ओढायचा, वाळली की कडक ब्लॉकवर १५०० चा वॉटर पेपर लावून घासायचं. पुट्टीमुळं बाजूचं चांगलं क्लिअर झाकलेलं राहतं आणि उंचवटा तेवढाच कापला जातो, पुट्टी संपली की समजायचं लेव्हल आली. मोठा ओघळ असला तर आधी ब्लेड उभं धरून खरवडायचं. त्यानंतर २०००, ३०००, मग कंपाउंड आणि बफिंग. नुसत्या बोटांनी घासायचं नाही, बोटाखाली नाल्या पडतात आणि उन्हात त्या लगेच दिसतात.

घासताना सगळं लक्ष पाण्याकडं. पाणी दुधासारखं पांढरं येतंय तोवर तुम्ही क्लिअरमधे आहात, त्याला गाडीच्या रंगाची छटा आली की हात थांबवा, बेस लागला. मेटॅलिकला तिथं टचअप होत नाही, डाग दिसतोच, बेस मारून अख्खं पॅनेल परत क्लिअर करायला लागतं. म्हणून जाडी मोजायचं मीटर घेतलं, चांगलं महाग पडलं, पण त्याच्या जिवावर किती कामं नाकारली. आधीच दोनदा घासलेल्या बॉनेटवर ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, काढून मागतात, आम्ही मीटर दाखवतो, क्लिअर पातळ झालं की ऊन सोसत नाही, वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सुटतील. प्लास्टिकच्या बंपरला आमचं मीटर चालत नाही, तिथं अंदाज आणि अनुभव.

आता सांगलीचं म्हणाल तर इथं प्रत्येक सीझनचा वेगळा दोष. एप्रिल-मे मधे फास्ट हार्डनर आणि फास्ट थिनर वापरून दुसरा कोट लगेच चढवला की वरची साय आधी वाळते, थिनर खाली अडकतो आणि टाचणीच्या टोकाएवढे फोड येतात, ते घासून जात नाहीत, घासलं की त्यांची भोकं होतात. त्यामुळं उन्हाळ्यात स्लो थिनर आणि दोन कोटच्या मधे दहा मिनिटं थांबायचं म्हणजे थांबायचं. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, हार्डनरचं आणि पाण्याचं जमत नाही, गॅस होऊन बारीक बुडबुडे धरतात नाहीतर चमक मरते, म्हणून रोज सकाळी टाकीचा कॉक उघडायचा. आणि कारखान्यांचं गाळप सुरू झालं की चिमणीतनं चिपाडाची काळी राख उडते, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचं काय होतं ते इथल्या बायकांना विचारा, तीच राख ओल्या क्लिअरवर बसते. पांढऱ्या गाडीवर तर लपतच नाही. रंग मारायच्या बंद खोलीचे, म्हणजे बूथचे फिल्टर हंगामात जास्त वेळा बदलायला लागतात.

२०१९ च्या पुरात इर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आम्ही उंचावर होतो म्हणून दुकान वाचलं. नंतर कामाचा महापूर. पण त्या गाड्यांना भलताच त्रास निघाला, क्लिअर मारलं की जागोजागी गोल खड्डे, फिश आय. कारण काय तर चिखल धुऊन गाडी चकाचक दिसावी म्हणून लोकांनी टायर-डॅशबोर्डचा सिलिकॉन स्प्रे अंगावर पण मारलेला. तेव्हापासून नियम केला, घासायचा पेपर लावायच्या आधी वॅक्स-सिलिकॉन रिमूव्हर, एका कपड्यानं ओलं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं उचलायचं. फिश आयचे थेंब मिळतात बाजारात पण त्यातच सिलिकॉन असतं, मी ते दुकानात येऊ देत नाही.

पोरांना स्प्रे गन देतो तेव्हा आकडे पाठ करून घेतो, नोझल १.३, गनला दोन बारच्या आसपास हवा, अंतर १५-२० सेंटीमीटर, मागचा पट्टा निम्म्याच्या वर झाकायचा. हार्डनर डोळ्यानं ओतला तर त्या दिवशी गनला हात नाही, आमचं दोन भाग क्लिअरला एक भाग हार्डनर आहे, डब्यावर लिहिलेलं असतं ते वाचायला काय पैसे पडतात? आणि मास्क. टूकेच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, एकदा छातीत बसलं की दमा मागं लागतो, रुमाल बांधून काही होत नाही. आधी कार्ट्रिजचा होता, आता बूथमधे बाहेरून हवा येणारा मास्क लावलाय, पोरं कुरकुरतात, पाईप पायात येतो म्हणून. येऊ दे.

गाळप चालू असतं तेव्हा अख्ख्या गाडीचं काम पहाटे घेतो, वारा पडलेला असतो. दुरुस्तीला गाडी आणणार असाल तर एकच विनंती, येताना पॉलिश मारून आणू नका, दोष झाकला जातो आणि ते पॉलिश काढायचे पैसे आम्ही वेगळे लावतो.