लाल बेसचा लाल रंग

आज सांगलीत एका पारदर्शक लाल पॉलिशच्या बेस गिटारचे फोटो काढले. अर्धा दिवस रंगातच गेला.

खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र पडली की बॉडी एकीकडे निळसर, दुसरीकडे हिरवट दिसते. मग व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातलं रंगछटा जुळवायचं सेटिंग) कितीही फिरवा, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. म्हणून ट्यूब बंद, खिडकीवर पांढरं मलमल, पहिला फोटो ग्रे कार्ड (रंग जुळवायला धरायचं राखाडी कार्ड) धरून, सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये.

बेस साधारण ४६ इंच लांब. वाइड लेन्सने जवळून काढला तर हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) ताणला जातो. क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० मिमी लेन्स लावून १० फूट मागे सरायचं.

खरी अडचण लालची. रेड चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन तपशील गमावतो. लाकडाच्या रेषा जातात आणि सपाट शेंदरी डाग उरतो. साध्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) हे कळत नाही, आरजीबीचा, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा बघा. एक्स्पोजर २/३ स्टॉप (स्टॉप हे उजेडाचं माप) कमी ठेवल्यावर रेषा परत दिसल्या, अगदी पिकअपच्या (तारांखालच्या चुंबकी भागाच्या) कडेपर्यंत! नंतर सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवायचा मोह टाळा.

पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) लॅकरची, म्हणजे पॉलिशची चमक कापतो, क्रोमच्या ब्रिजवर (तारा अडकवायच्या धातूच्या भागावर) मात्र चालत नाही. तिथे आपलं प्रतिबिंब उठून दिसू नये म्हणून काळा शर्ट घालूनच उभं राहायचं. मिरजेच्या सतारीच्या पॉलिशलाही हेच सगळं लागू.