तडजोडीचा विषय तहकूब

महापालिकेच्या विधी विभागात हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालो. कुठली महापालिका ते सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते! गटाराच्या उघड्या चेंबरमध्ये पडून कोणी जखमी झालं की ओळखीचे लोक विचारतात, पालिका सरळ भरपाई का देत नाही? म्हणून फाइल आत कशी फिरते ते लिहितो.

महाराष्ट्रात मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. दावा लावण्याआधी कलम 487 खाली एक महिन्याची नोटीस द्यायची आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत लावायचा. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? बरेच जण इथेच गळतात. जे टिकतात त्यांच्याशी तडजोड करायची तर आयुक्तांना कलम 481 प्रमाणे स्थायी समितीची, म्हणजे नगरसेवकांच्या समितीची, मंजुरी लागते.

भाजी मंडईजवळ चेंबरमध्ये पडून एका बाईंचा खुबा मोडला होता. झाकण नव्हतं, हे आमच्याच पंचनाम्यात लिहिलेलं. त्यांचे वकील तीन लाखांवर मिटवायला तयार होते, आमच्या पॅनेलवरच्या वकिलांचाही अभिप्राय 'मिटवा' असाच. मी टिपणी तयार केली, विषय समितीपुढे गेला. एक सदस्य म्हणाले, "पायंडा पडेल, उद्या रांग लागेल." दुसऱ्यांनी विचारलं, बाई कुठल्या प्रभागातल्या? विषय तहकूब. पुढच्या सभेतही तहकूब. शेवटी कोर्टाचा हुकूमनामा झाला, म्हणजे पैसे द्या असा निकाल, व्याज आणि खर्चासह. मग आम्ही अपिलात गेलो.

यात कोणी पैसे खाल्ले नाहीत. भीती ऑडिटची होती. तडजोड केली की खाली कोणाची तरी सही लागते आणि लेखापरीक्षक विचारतात, तीनच लाख कशावरून? हुकूमनाम्यावर सही न्यायाधीशांची असते. दुप्पट रक्कम गेली तरी आक्षेप नाही. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळ मनोरा 1951 मध्ये कोसळून माणसं मेली. त्या दाव्यांत नगरपालिकेची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयात कायम झाली ती 1966 साली. न मिटवता कोर्टात लढत राहायची ही रीत तेव्हापासूनची.

13 ऑक्टोबर 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. संदेश पाटील) ही गाठ बरीच सैल केली. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर 6 लाख, जखमीला 50 हजार ते अडीच लाख. रक्कम ठरवणार आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती, पैसे अर्जानंतर सहा ते आठ आठवड्यांत, आणि नंतर वसुली दोषी अधिकारी-कंत्राटदाराकडून. म्हणजे स्थायी समितीत ठराव मांडणाऱ्या सूचक-अनुमोदकाची वाटच पाहायची नाही.

नगरसेवकांना वगळलं हे मला मनापासून आवडलेलं नाही. पण मुंबईत मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, आयुक्तच प्रशासक होते. प्रस्ताव आयुक्तांचा आणि मंजुरीही त्यांचीच. तेव्हा कोणाला स्थायी समितीची आठवण आली?

ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांच्यासाठी: पोलिसांत नोंद करा, झाकण नसलेल्या जागेचा फोटो त्याच दिवशी काढा, दवाखान्याची मूळ बिलं स्वतःकडे ठेवून प्रती जोडा, अर्जाच्या पोचेवर आवक क्रमांक घ्या. आणि आयुक्त-सचिवांच्या समितीकडे अर्ज केला तरी 487 ची नोटीस पाठवाच. अर्ज अडकला तर सहा महिने कधी सरले ते कळत नाही.